निदर्शने पुष्कळ झाली, आता प्रदर्शने

मराठीत आपण निषेधासाठी निदर्शने करतो आणि चित्रे मांडण्यासाठी प्रदर्शन भरवतो. हिंदीत निषेधालाच प्रदर्शन म्हणतात, आणि चित्रांच्या मांडणीला प्रदर्शनी. दोन्ही शब्द ‘दृश्’ या एकाच धातूचे. दोन्हींत काहीतरी दाखवणे आहे. सीमाभागातील आपण मंडळी जवळजवळ सात दशके निदर्शने करीत आलो आहोत. आपला राग आपण जगाला दाखवला, आणि तो रास्तच होता. परंतु ज्या भाषेसाठी राग धरला ती भाषा आपण आपल्याच भिंतींवर किती दाखवली, हा प्रश्न स्वतःला विचारण्याची वेळ आली आहे. मला तो विचारावासा वाटला तो बेळगावात नव्हे, माळव्यात.

गेल्या हिवाळ्यात एका आप्ताच्या घरच्या कार्यासाठी मी देवास जिल्ह्यात, सोनकच्छ तहसिलीतील पीपलरावां येथे गेलो होतो. कार्य आटोपल्यावर यजमानांनी जवळच्याच एका गावातील लहानशा कलादालनात नेले. स्थानिक चित्रकारांचे प्रदर्शन भरले होते. दोन खोल्या, चुना दिलेल्या भिंती, वीस-पंचवीस चित्रे. त्या गावाचे व संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण जो दोष सांगणार आहे तो त्या एका संस्थेचा नाही.

एका तैलचित्रापुढे मी थांबलो. चुलीशेजारी उतरंड, पितळेची घासलेली भांडी, भिंतीला टेकवलेले पाट, दोरीवर वाळत घातलेले लुगडे आणि कोपऱ्यात पाळण्याचा एक दोर, एवढाच विषय. खाली पट्टीवर नाव होते, ‘संसार’. त्याखाली इंग्रजीत, ‘द वर्ल्ड’. माझ्या पुढे उभे असलेले एक गृहस्थ आपल्या पत्नीला हिंदीत म्हणाले, ‘इसमें संसार कहाँ है?’ आणि पुढच्या चित्राकडे वळले.

त्यांचे काही चुकले नव्हते. हिंदीत संसार म्हणजे जग. पाट, उतरंड आणि पाळणा यांत जग शोधणाऱ्याला ते सापडणार नाही. मराठीत संसार म्हणजे घर, नवराबायको, मुलेबाळे, काटकसर, कष्ट. मुलगी सासरी जाऊन जो मांडते तो. चित्राचा सगळा अर्थ त्या एका शब्दात होता आणि तोच शब्द, एकही अक्षर न बदलता, पट्टीवरून नाहीसा झाला होता.

चित्रकर्ती शेजारीच उभ्या होत्या. निवृत्त शिक्षिका, माहेर आणि सासर दोन्ही माळव्यातले, घरात कित्येक पिढ्यांची मराठी.

‘ताई, तुम्हाला घरसंसारच म्हणायचा आहे ना?’ मी विचारले.

‘तेच तर, वकीलसाहेब. दुसरं काय असणार?’

‘मग हे इंग्रजी?’

‘पट्ट्या संस्थेनं छापल्या. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. चित्राला कुठे भाषा असते!’

त्यांनी विचारले नाही, मीही सांगितले नाही. परप्रांतातील मराठीची सारी व्यथा या एका वाक्यात मावते. त्यात कोणी जुलूम करणारा नाही, कोणी बंदी घालणारा नाही. तरीही भाषा जाते.

चित्राला भाषा नसते हा युक्तिवाद आपण सर्वांनी ऐकलेला आहे, आणि अर्ध्यापुरता तो खराही आहे. रेषेला भाषा नाही, रंगाला नाही. परंतु प्रदर्शनाला आहे. निमंत्रणपत्रिका, चित्राचे नाव, चित्रकाराचा परिचय, उद्घाटनाचे भाषण, चित्रांची सूची, दाराशी ठेवलेली अभिप्रायवही आणि दुसऱ्या दिवशीची बातमी, हे सारे भाषेतच घडते. चित्र विकले जाते, एखाद्या दिवाणखान्यात जाते, पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. मागे उरते ती सूची. पन्नास वर्षांनी देवासच्या चित्रकारांविषयी लिहू पाहणाऱ्याच्या हाती तीच लागेल, आणि तिच्यावरून तो सरळ निष्कर्ष काढील की या भागात मराठी चित्रकार नव्हतेच. आम्हा वकिलांना हे चांगले ठाऊक असते: जे दप्तरी नाही ते न्यायालयापुरते घडलेलेच नसते.

येथे बेळगावकर आणि देवासकर यांच्या स्थितीतला फरक नीट पाहावा. बेळगावात मराठी फलक उतरला की डोळ्यांना तत्काळ दिसते, कारण कन्नडची लिपी वेगळी आहे. खटकते, म्हणून आपण रस्त्यावर येतो. माळव्यात हिंदी आणि मराठी एकाच देवनागरीत लिहिल्या जातात. तेथे मराठीची जागा हिंदी घेते तेव्हा अक्षरांचे वळणही बदलत नाही. बदलतो तो केवळ अर्थ. ‘कला शिक्षा’ असे शब्द असलेले प्रमाणपत्र मराठी घरात येते आणि आजोबा थट्टेने विचारतात, ‘गुन्हा काय केलास रे?’ नातवाला विनोद कळेनासा झाला की समजावे, शिक्षा या शब्दाचा मराठी अर्थ त्या घरातून गेला. लिपी सारखी आहे हा माळव्यातील मराठीचा आधार वाटतो. प्रत्यक्षात त्या सारखेपणामुळेच तिची गळती कोणाच्या ध्यानात येत नाही.

आणि ही गळती कोणत्या भूमीत होते आहे? धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. रघुनाथ कृष्ण फडके हे वसईचे शिल्पकार धारला गेले आणि तेथलेच झाले. मुंबईत गिरगाव चौपाटीवर लोकमान्यांचा जो पुतळा आहे तो त्यांच्या हातचा. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. धारमध्ये त्यांचा स्टुडिओ आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. देवासहून जवळच असलेल्या इंदुरात दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली चित्रकलेचे विद्यालय उभे केले. नारायण श्रीधर बेंद्रे, देवकृष्ण जटाशंकर जोशी, मकबूल फिदा हुसेन, विष्णू चिंचाळकर ही त्यांच्या शिष्यांची नावे. भारतीय चित्रकलेच्या विसाव्या शतकातील एक मोठी शाखा एका मराठी गुरूच्या हाताखाली माळव्यात वाढली. त्याच मुलखातल्या एका मराठी बाईला आपल्या चित्राचे नाव आपल्या अर्थाने लिहून घेण्याचा संकोच वाटावा, याला काय म्हणावे?

आता कायद्याकडे वळतो. भारतीय संविधानाचा अनुच्छेद २९(१) सांगतो की भारताच्या कोणत्याही भागात राहणाऱ्या ज्या नागरिकगटाला स्वतःची वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती आहे, त्याला ती जतन करण्याचा हक्क आहे. यातील ‘किंवा’ या शब्दावर बोट ठेवा. वेगळी भाषा ‘आणि’ वेगळी लिपी असावी, असे संविधान म्हणत नाही. माळव्यातील मराठी माणसाची लिपी हिंदी भाषकाचीच आहे, म्हणून त्याचा हक्क तसूभरही उणा होत नाही. शिवाय जगदेव सिंग सिद्धांती विरुद्ध प्रतापसिंग दौलता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये असे ठरवले की भाषा जतन करण्याच्या हक्कात तिच्या रक्षणासाठी चळवळ करण्याचा हक्कही येतो. म्हणजे आपली निदर्शने याच हक्काच्या छायेत आहेत. पण मूळ क्रियापद ‘जतन करणे’ हे आहे. चळवळ ही त्याची एक शाखा. ज्याने केवळ शाखेलाच धरून ठेवले त्याने खोडाकडे पाहिलेच नाही.

या अनुच्छेदाचा आधार घेऊन एखाद्या खासगी कलादालनावर दावा लावता येईल, असे मी म्हणत नाही. तसा सल्ला देणारा वकील अशिलाचे पैसे बुडवील. माझे म्हणणे उलट आहे: येथे दाव्याची गरजच नाही. अनुच्छेद ३५०क प्रमाणे मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायची तर सरकारने हलावे लागते. ३५०ख खालील विशेष अधिकाऱ्याचा अहवाल दिल्लीला जातो. आपला सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. या सर्व ठिकाणी आपण कोणाच्या तरी निर्णयाची वाट पाहतो. चित्राखालच्या चार बोटे पट्टीसाठी कोणाची वाट पाहायची? तेथे शासन नाही, न्यायालय नाही, प्रतिवादी नाही. तेथे फक्त आपण आहोत, आणि आपणच गैरहजर आहोत.

‘हा भाषिक दुराग्रह झाला, माळव्यात राहायचे आणि हिंदी नको म्हणायचे?’ असा आक्षेप येईल. हिंदी नको असे कोणी म्हटले? नाव मराठीत आधी असावे, अर्थ हिंदीत खाली द्यावा. ‘संसार’, आणि खाली ‘घर-गृहस्थी’, एवढे लिहिले असते तर ते गृहस्थ चित्रापुढून निघून गेले नसते. हाच न्याय माळवीला लावा, भिलीला लावा. अंगणात मांडणा काढणाऱ्या माळवी बाईचे शब्दही त्याच भिंतीवर प्रमाण हिंदीत सपाट होतात. तिच्या बाजूनेही आपण बोलले पाहिजे. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ च्या सुमारास देवासला आले आणि जन्मभर तेथे राहिले. घराणे कन्नड, शिक्षण आणि संसार मराठीत, वास्तव्य माळव्यात. त्यांनी माळव्याची लोकगीते गायली ती माळवीतच. त्यांना मराठी वा हिंदी पेहराव चढवावा असे त्यांना वाटले नाही, आणि ऐकणाऱ्यालाही ती परकी वाटली नाहीत. ज्याची वस्तू त्याच्या शब्दात मांडावी, ही रीत आपल्याच जिल्ह्यातील माणसाने देवासला दाखवून दिलेली आहे.

‘इंग्रजी नाव असले की चित्र विकले जाते’ असेही सांगतात. मग इंग्रजी नावही द्या. पट्टीवर तीन ओळी सहज बसतात. प्रश्न पहिल्या ओळीचा आहे.

आणि आता आपल्या अंगणात येऊ. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले; त्याच दिवशी धार आणि देवास नव्या मध्य प्रदेशात आले. आपण तो काळा दिन म्हणून पाळतो, माळव्यातील बांधव राज्याच्या स्थापना दिनाचा सोहळा पाहतात. तरीही चित्रप्रदर्शनाच्या दारात दोघांची गत सारखीच. के. बी. कुलकर्णींसारखे गुरू बेळगावात होऊन गेले; त्यांच्या हाताखाली शिकलेल्या रवी परांजपे यांनी कुंचल्याइतकीच लेखणीही चालवली आणि ‘ब्रश मायलेज’ हे आत्मकथन मराठीत लिहिले. त्याच शहरात आज आपली मुले चित्रे मांडतात तेव्हा पट्ट्या कोणत्या भाषेत असतात? मी पाहिलेल्या प्रदर्शनांत बहुतेक इंग्रजीच. फलकावर साठ टक्के कन्नड हवे या नियमाविरुद्ध आपण तावातावाने बोलतो, आणि बोललेच पाहिजे. पण तो नियम नामफलकांचा आहे. चित्राच्या नावाला तो आडवा येत नाही. तेथे मराठी लिहायला आपल्याला कोणी अडवले होते? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. दर्जा दिल्लीहून येतो. वापर मात्र घरच्यांनीच करायचा असतो.

तेव्हा माझे मागणे सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. तुमच्या गावी स्थानिक चित्रकारांचे पुढचे प्रदर्शन भरेल तेव्हा चित्रकाराने प्रवेशपत्रासोबतच आपल्या चित्राचे नाव आपल्या भाषेत, आपल्या हस्ताक्षरात लिहून द्यावे आणि ते तसेच छापावे असे सांगावे. ‘विचारले नाही’ ही सबब पुरे. आयोजक मराठी असतील तर त्यांनी सूचीची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी. जे केवळ पाहायला जातात त्यांनी अभिप्रायवहीत दोन ओळी मराठीत लिहाव्यात. या सगळ्याला एक पेन आणि थोडे धाडस लागते. निदर्शनांना लागते त्याहून हे धाडस कमीच, पण ते एकट्याने करावे लागते म्हणून अवघड वाटते.

त्या दिवशी निघताना मी अभिप्रायवहीत मराठीतून लिहिले की हे चित्र जगाचे नसून घराचे आहे. माझ्यामागून वही त्या बाईंनी घेतली, वाचली आणि संस्थेच्या माणसाकडे एक पेन मागितले. पट्टीवरच्या ‘द वर्ल्ड’वर त्यांनी एक सरळ रेघ ओढली आणि ‘संसार’च्या आधी ‘माझा’ असा शब्द लिहिला. संस्थेचा माणूस पाहत होता. त्याने त्यांना अडवले नाही.