बाहेरचे खा, पण पारखून खा

"डॉक्टरसाहेब, बाहेरचं खायचं नाही असं तुम्हीच सांगितलं होतं ना? मी नाही खाल्लं."

गेल्या उन्हाळ्यात माझ्या दवाखान्यात एक ट्रेलरचालक हे वाक्य बोलला. तक्रार म्हणून नव्हे, तर आपण किती आज्ञाधारक आहोत याचा पुरावा म्हणून. वय पंचेचाळीसच्या आसपास. चाकणच्या कारखान्यांतून कंटेनर भरून न्हावाशेव्याच्या बंदरापर्यंत न्यायचे हा त्याचा धंदा. सहा वर्षांपासून मधुमेह. साखर कमी करणारी गोळी सकाळी घ्यायची आणि वेळेवर जेवायचे, असा साधा उपचार चालू होता.

त्या दिवशी त्याने सकाळी सहाला चहाबरोबर गोळी घेतली. डबा केबिनमध्ये होता. तळेगाव-चाकण रस्त्यावर वाहतूक तुंबली. दुपारी एक वाजता डबा उघडला तर उन्हाने भाजीला आंबूस वास सुटलेला. डबा फेकून दिला. गाडीच्या दोन्ही बाजूंना वडापावच्या गाड्या होत्या, बर्गरची एक टपरीही होती. पण डॉक्टरांनी बाहेरचे बंद केलेले! तो उपाशीच राहिला. तीनच्या सुमाराला दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, डोळ्यांपुढे धूसर झाले आणि ट्रेलर हळूहळू जाऊन दुभाजकाला घासला. वेग नव्हता म्हणून निभावले. क्लीनर हुशार निघाला, त्याने चहाच्या टपरीवरून साखरपाणी आणून पाजले.

वाचकहो, त्या दिवशी चूक त्या गृहस्थाची नव्हती. चूक माझी होती. गोळी पोटात गेली आणि अन्न गेले नाही, तर रक्तातली साखर धोक्याच्या पातळीखाली उतरते, हे वैद्यकीच्या पहिल्या काही पाठांतले ज्ञान आहे. तरीही वर्षानुवर्षे मी प्रत्येक चिठ्ठीच्या शेवटी 'बाहेरचे खाणे बंद' असे लिहीत आलो. का? कारण माझे स्वयंपाकघर दवाखान्यापासून दोनशे फुटांवर आहे. या पट्ट्यातल्या किती लोकांचे तसे असते?

निगडीपासून भोसरीपर्यंत आणि मोशीपासून चाकणच्या पुढेपर्यंत पाहा. कोणी कंपनीच्या बसमध्ये, कोणी मालगाडीवर, कोणी यंत्रदुरुस्तीसाठी आज रांजणगाव तर उद्या नाशिक. कारखान्यात कॅन्टीन असते, पण ते आतल्या कामगारांसाठी. माल घेऊन आलेला चालक अनेक ठिकाणी फाटकाबाहेरच तासन् तास उभा असतो. त्याला 'घरचेच खा' असे सांगणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला कोरडा राहा असे सांगण्यासारखे आहे. जे ऐकतात ते उपाशी राहतात. जे ऐकत नाहीत ते दवाखान्यात येऊन खोटे बोलतात. दोन्हींत नुकसान रुग्णाचेच.

म्हणून माझे मत आता असे झाले आहे, की डॉक्टरांनी बंदी घालण्याऐवजी पारख शिकवावी. वडापावची पारख आपल्या लोकांना उपजत असते. बर्गर आणि मिल्कशेकची मात्र अजून नाही, आणि हल्ली तरुण मंडळी रस्त्यात तेच खातात. तेव्हा आज त्याविषयीच लिहितो.

बर्गर काही परका राहिलेला नाही

आमच्या उमेदवारीच्या काळात, १९९२ च्या सुमाराला, पुण्याच्या कॅम्पात एका इराणी कुटुंबाचे 'बर्गर किंग' सुरू झाले. याच नावाच्या अमेरिकन कंपनीने २०११ साली नावावरून दावा लावला. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला आणि प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेले. नावाचा निकाल न्यायालय लावील, चवीचा निकाल पुणेकरांनी केव्हाच लावून टाकला आहे. १९९६ साली मॅकडोनाल्ड्स दिल्ली-मुंबईत आले तेही गोमांस वगळून, आणि पुढे त्यांचा खप वाढवला तो बटाट्याच्या टिक्कीने. म्हणजे पावात बटाटाच! आपल्या वडापावचा हा चुलतभाऊ. मिल्कशेकचेही तसेच. दूध, फळाचा रस आणि वर आइस्क्रीम ही पुण्याची मस्तानी शेकचीच थोरली बहीण म्हणायची.

तेव्हा पदार्थ वाईट की चांगला हा प्रश्न फारसा महत्त्वाचा नाही. तो कुठे, कसा आणि किती खाल्ला याला महत्त्व आहे.

चांगला बर्गर कसा ओळखावा?

पहिली खूण तव्याची. टिक्की तुमच्यासमोर गरम होऊन वाफाळती पावात गेली पाहिजे. सकाळी तळून ठेवलेली आणि दुपारी नुसती कोमट केलेली टिक्की घेऊ नये. अन्न तासन् तास कोमट राहिले की त्यात काही जंतू विष तयार करतात, आणि त्यातले काही विष पुन्हा तापवूनही जात नाही. खाल्ल्यावर दोन-चार तासांत उलट्या सुरू झाल्या तर बहुधा हाच प्रकार असतो.

चिकन बर्गर असेल तर पहिला घास घेण्याआधी तो मधोमध मोडून पाहावा. आत गुलाबी दिसले तर परत द्यावा, लाजू नये. अर्धवट शिजलेल्या कोंबडीत आणि दूषित पाण्यात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू असू शकतो. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या तपासणीत हाच जंतू सापडला होता. जुलाब थांबल्यावर काही दिवसांनी पायांतली शक्ती जाऊ लागली किंवा मुंग्या चढत वर येऊ लागल्या, तर घरी वाट पाहत बसू नका, थेट मोठे रुग्णालय गाठा.

दुसरी खूण पांढऱ्या सॉसची, म्हणजे मेयोनीजची. कच्च्या अंड्याचे मेयोनीज उन्हात राहिले की जंतूंची शेतीच होते. केरळने २०२३ मध्ये, तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये त्यावर बंदी आणली, ती उगाच नव्हे. मेयोनीजची बाटली शीतपेटीत नसून टपरीच्या फळीवर उन्हात उभी असेल, तर "त्याऐवजी चटणी लावा" असे सांगावे. बिनअंड्याचे असले तरी थंड ठेवलेलेच चांगले.

तिसरी खूण कच्च्या भाजीची. चिरून पाण्यात टाकलेला कोबी आणि सकाळपासून ताटात पडलेला टोमॅटो नको. चाकणच्या बाजारात कांद्याचे ढीग लागतात. दुकानदाराला कांदा समोर चिरायला सांगा, त्याला जड जाणार नाही.

चौथी खूण गर्दीची. जिथे माल चटकन संपतो तिथे शिळे उरत नाही. पदार्थ मोजके असतील तर आणखी बरे. साठ पदार्थांची यादी असलेल्या टपरीत सगळेच ताजे कसे असेल? पैसे घेणारा आणि पाव भाजणारा हात वेगळा असेल तर उत्तम. परवान्याचा चौदा आकडी क्रमांक लावलेला आहे का, तेही पाहावे.

यात एक गंमत लक्षात घ्या. आरोग्यासाठी सांगितलेल्या या सगळ्या खुणा चवीच्याही आहेत. गरम टिक्की, ताजा पाव, आताच चिरलेला कांदा. खवय्या आणि डॉक्टर एकाच टपरीसमोर येऊन उभे राहतात!

मिल्कशेक हे पेय नव्हे, जेवण आहे

खरी फसगत इथे होते. लोक बर्गर खातात आणि पाण्यासारखा शेक पितात. घरच्या मापाने हिशेब करू. पेलाभर म्हणजे २०० मिलिलिटर साईचे दूध, त्याचे सुमारे १७० उष्मांक. आइस्क्रीमचे दोन गोळे, सुमारे २४०. वर चार चमचे साखर, ८०. एकूण जवळजवळ ४९०. म्हणजे दीड वडापाव प्यायल्यासारखे झाले. वरून घातलेली आणि आइस्क्रीममधली साखर मिळून आठ-नऊ चमचे भरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सल्ल्याप्रमाणे दिवसभराची वरची साखर दहा चमच्यांच्या आत असावी, पाचांच्या आत असेल तर अधिक चांगले. बर्गरबरोबरच्या थंड पेयातही ३०० मिलिलिटरमागे सहा चमचे साखर असते.

म्हणून नियम सोपा ठेवा. बर्गर घेतला तर बरोबर पाणी किंवा ताक. शेक प्यायचा तर बर्गर नको, किंवा दोघांत एक पेला. "साखर घालू नका, आइस्क्रीम एकच गोळा" असे सांगायला संकोच करू नका. पिकलेल्या चिकूला किंवा आंब्याला साखर लागतच नाही.

चांगल्या शेकची खूण बर्फात आहे. दूध आधीच थंडगार असेल तर बर्फ लागत नाही. बर्फ घातला की चव पातळ होते आणि पाण्याचा भरवसा राहत नाही. कारखान्यांसाठीचा अखाद्य बर्फ निळा करावा असा नियम आपल्या राज्यात २०१८ साली झाला, तरी पेल्यात विरघळलेला बर्फ कुठल्या पाण्याचा हे आपल्याला कळत नाही. मिक्सरचे भांडे वाहत्या पाण्याखाली धुतात की बादलीत बुडवतात, तेवढे नजर टाकून पाहावे.

मधुमेही प्रवाशांसाठी

खिशात साखर ठेवा. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, असे काही वाटले की गाडी बाजूला घ्या आणि तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या. अशा वेळी मिल्कशेक उपयोगी नाही, कारण त्यातली चरबी साखर रक्तात पोहोचायला उशीर लावते. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा साखरपाणी घ्या. मग काहीतरी पोटभरीचे खा, बर्गर मिळाला तर बर्गर खा, आणि बरे वाटल्यावरही पाऊण तास तरी स्टिअरिंग धरू नका. माणूस बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात काही ओतू नये, रुग्णालयात न्यावे.

माझे व्यवसायबंधू म्हणतील, डॉक्टरांनीच मोकळीक दिली! भारतात १०.१ कोटी मधुमेही असल्याचे आयसीएमआरच्या २०२३ च्या अहवालात आले आहे, आणि तुम्ही बर्गरची पारख शिकवता? शिकवतो. रोज खा असे सांगत नाही. आठवड्यातून एखादे वेळी पुरे. ज्यांना रोजच बाहेर जेवावे लागते त्यांनी भाकरी-उसळ देणारी खानावळ शोधावी, गाडीत भाजलेले चणे आणि केळी ठेवावीत. पण उपाशी राहू नये आणि डॉक्टरांशी खोटे बोलू नये. कारखानदारांनाही एक विनंती आहे. तुमचा माल वाहणारा माणूस फाटकाबाहेर उभा असतो. त्याला पिण्याचे स्वच्छ पाणी आणि कॅन्टीनमधले एक ताट मोबदला घेऊन का होईना, मिळू द्या.

त्या ट्रेलरचालकाची चिठ्ठी मी बदलली. औषधाची मात्रा कमी केली आणि खाली लिहिले : 'वेळेवर खा. बाहेरचे चालेल. गरम, समोर केलेले, एकच.' दोन महिन्यांनी तो आला तेव्हा साखर आटोक्यात होती. जाताना म्हणाला, "साहेब, मोशीच्या अलीकडे एक टपरी आहे. टिक्की समोर भाजतो, कांदा तिथंच चिरतो. तुम्ही सांगितलं तसं सगळं बघितलं."

मागच्या रविवारी सौभाग्यवतींना घेऊन तिथे जाऊन आलो. बर्गर दोन घेतले, चिकूचा शेक एकच, दोघांत. त्याने पारख बरोबर केली होती.