लाईट गेली की थोड्या वेळाने रेंजही का जाते? टॉवरचा अलार्म आणि जतचं अंतर

लाईट गेली की मोबाईलची रेंज लगेच जात नाही. ती जाते काही तासांनी. मधल्या वेळात टॉवर बॅटरीवर चालतो आणि कंपनीला एकामागून एक इशारे पाठवत असतो. म्हणजे रेंज जाणार हे गावाआधी कंपनीला कळलेलं असतं. तरीही टॉवर बंद पडतो, तो का?

इशारा नेमका काय असतो?

टॉवरवरची यंत्रं साधारण ४८ व्होल्ट डीसीवर चालतात. महावितरणची वीज रेक्टिफायरमधून डीसी होते आणि त्यावरच बॅटऱ्याही चार्ज होतात. लाईट असताना व्होल्टेज ५४ च्या आसपास असतं. लाईट गेली की ते उतरायला लागतं. ते ४६-४७ च्या आसपास आलं की 'लो बॅटरी'चा अलार्म वाजतो. त्याहून खाली गेलं, तर बॅटरी खराब होऊ नये म्हणून यंत्रणा स्वतःच लोड तोडते आणि रेंज जाते.

कोणत्या अलार्मवर धावायचं?

ग्रामीण भागात 'वीज गेली' हा अलार्म इतक्यांदा येतो की एकट्या त्याच्यावर कुणी धावत नाही. महत्त्वाची असते ती अलार्मची जोडी. वीज गेली आणि जनरेटरही सुरू झाला नाही, तर माणूस लगेच निघायला हवा. व्होल्टेज नेहमीपेक्षा झपाट्याने उतरत असेल, तर बॅटरी म्हातारी झाली आहे. दार उघडल्याचा अलार्म येऊन बॅटरीच दिसेनाशी झाली, तर चोरीची शंका. काही टॉवर पुढच्या गावांचे सिग्नलही वाहून नेतात. असा एक पडला की त्याच्या मागचेही पडतात, म्हणून तिथे आधी पोहोचावं लागतं.

जतमध्ये अडचण कुठे?

जत हा सांगली जिल्ह्यातला क्षेत्रफळाने सर्वात मोठा तालुका. सांगलीहून जतमार्गे कर्नाटक सीमेजवळच्या उमदीला जायचं तर शंभर किलोमीटरहून जास्त अंतर पडतं. अलार्म काही सेकंदांत पोहोचतो, पण डिझेल किंवा नवी बॅटरी रस्त्यानेच येते. त्यामुळे बॅटरी किती तास टिकते आणि टेक्निशियन किती लांब राहतो, या दोन गोष्टींवरच सगळं ठरतं. बॅटरी तीन तासांची आणि माणूस चार तासांवर असेल, तर सेन्सर कितीही चांगला असला तरी टॉवर पडणारच.

नियम काय म्हणतो?

ट्रायचे सेवेच्या दर्जाचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. एखाद्या जिल्ह्यात सेवा सलग चार तासांहून जास्त बंद राहिली, तर कंपनीने २४ तासांत ट्रायला कळवायचं. बंद २४ तासांहून लांबला, तर ग्राहकाला बिलात सूट किंवा वाढीव वैधता मिळते.

पण इथे हिशोब जिल्ह्याचा आहे. एका गावाचा टॉवर दोन दिवस बंद राहिला आणि बाकी सांगली जिल्हा सुरू असेल, तर ही भरपाई लागू होत नाही. त्या गावात मात्र तेवढा वेळ यूपीआयही बंद असतं आणि १०८ ला फोनही लागत नाही.

मग गावकऱ्यांनी काय करायचं?

रेंज असलेल्या ठिकाणाहून १९८ वर तक्रार करून डॉकेट नंबर घ्यायचा. किती वाजता लाईट गेली आणि किती वाजता रेंज गेली, हेही लिहून ठेवायचं. तक्रार सुटली नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. दर वेळी लाईट गेल्यावर तासाभरातच रेंज जात असेल, तर दुखणं बहुधा बॅटरीत आहे. तक्रारीत ते तसंच लिहिलं, तर 'लाईट नव्हती' एवढ्या उत्तरावर विषय संपत नाही.