गाडी तुमची, मापही तुमचंच हवं!

रविवारी घरून परतताना माजिवडा ते वडपे हा सुमारे 24 कि.मी.चा पट्टा बाईकवर कापला की आमचं डावं मनगट संपावर जातं. पुढे कंटेनर, बाजूला गोदामांकडे वळणारे ट्रक आणि सारखा क्लच! होस्टेलवर आल्यावर कुणी बाम देतो, कुणी म्हणतो, ‘गाडीच बदल.’

माझं म्हणणं, आधी पाना काढा. शोरूममधून येणारी लिव्हर सरासरी माणसाच्या मापाने बसवलेली असते. गाडीवर नेहमीसारखं बसा, बोटं लिव्हरवर ठेवा. कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेघ यायला हवी. मनगट वर मोडत असेल तर ब्रॅकेटचा बोल्ट सैल करून लिव्हर थोडी खाली फिरवा. क्लचची केबल सुकली असेल तर तेल द्या, फ्री प्ले मॅन्युअलप्रमाणे ठेवा. ब्रेकची लिव्हरही तशीच बघा. डिस्क असेल तर ऑइलची डबी फार कलंडू देऊ नका. शेवटी बोल्ट आवळून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. केबल ताणता कामा नये. खर्च एका कटिंगचा, वेळ पंधरा मिनिटं.

एर्गोनॉमिक्सची व्याख्या आपण पेपरात लिहितो आणि पार्किंगमध्ये विसरतो. मनगटातली मीडियन नर्व्ह दाबली गेली की अंगठा आणि शेजारची बोटं बधिर होतात. त्याच बोटांनी कंटेनरच्या मागे ब्रेक दाबायचा असतो, राव! लिव्हर नीट करूनही रात्री मुंग्या येत असतील, तर मात्र पाना ठेवा आणि डॉक्टर गाठा.