लॅबला कुलूप, प्रयोग चालू!

मित्रांनो, खरं सांगा, परवाच्या कंट्रोल सिस्टिम्सच्या प्रॅक्टिकलला नॉबला हात कोणाचा लागला? एका सेटअपभोवती आपण पाच-सहा जण. एक जण नॉब फिरवतो, एक जण रीडिंग सांगतो, बाकीचे लिहून घेतात. रात्री हॉस्टेलवर तेच रीडिंग या जर्नलमधून त्या जर्नलमध्ये जातं. ग्राफ मात्र सगळ्यांचेच सुरेख! मग प्रयोग केला कोणी?

मी कॉन्व्हेंटवाली. 'प्रयोग' हा शब्द मला आधी नाटकाच्या जाहिरातीत भेटला. नाटकाचा प्रयोग म्हणे दरवेळी नवा असतो. आपल्या जर्नलमधला तर वर्षानुवर्षं तोच!

यावर एक उपाय आहे, रिमोट लॅब. उपकरण लॅबमध्ये, तेही खरंखुरं. चालवणारा आपल्या रूमवर. अमेरिकेत एमआयटीने १९९८ सालीच ट्रान्झिस्टरची मोजमापं वेबवरून घ्यायची सोय केली. आपल्याकडे आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या गटाने 'सिंगल बोर्ड हीटर सिस्टिम' उभी केली. स्टीलची छोटी पट्टी, तिला तापवणारी नायक्रोमची कॉइल, गार करणारा पंखा आणि तापमानाचा सेन्सर. विद्यार्थ्याने स्लॉट बुक करायचा, सायलॅबमध्ये कंट्रोलर लिहायचा, की तिकडे पट्टी खरोखर तापते.

मग सिम्युलेशन काय वाईट? वाईट नाही, पण त्यात आपण घालू तेवढंच बाहेर येतं. खरी पट्टी हट्टी असते. हीटर वाढवला तरी लगेच तापत नाही, दुपारी वेगळी वागते, पहाटे वेगळी. तो हट्ट ओळखून तिला ताब्यात आणणं म्हणजेच कंट्रोल!

काही सर म्हणतात, "हात काळे केल्याशिवाय इंजिनीअर होत नाही." शंभर टक्के मान्य. सैल वायर बोटांना कळते, जळका रेझिस्टर आधी नाकाला. म्हणून लॅबचे तास मुळीच कमी करू नका. जोडणी, सोल्डरिंग, फॉल्ट शोधणं तिथेच व्हावं. पण गेन बदलून तोच प्रयोग दहा वेळा, एकट्याने करायला संध्याकाळी बंद होणारी लॅब पुरत नाही. तेवढं हॉस्टेलवरून होऊ द्या.

खर्चाचा बाऊ नको. ईएसपी-३२ सारखा वाय-फायवाला बोर्ड काहीशे रुपयांत मिळतो. जोडीला सेन्सर, ड्रायव्हर सर्किट आणि एखादा जुना वेबकॅम. मात्र तापमान हाताबाहेर गेलं तर सप्लाय तोडणारा कटऑफ सेटअपवरच हवा, नेटच्या भरवशावर नको. आणि लॅब असिस्टंट काका तर हवेतच. रात्री अडकलेला पंखा सकाळी तेच सोडवणार!

प्रत्येक रीडिंगवर नाव आणि वेळ पडेल, त्यामुळे कॉपी करणाऱ्यांची पंचाईत होईल. होऊ दे की!

सर आणि मॅडम, पुढच्या सेमला एकच सेटअप जोडून बघूया का? बनवणारे हात याच हॉस्टेलमध्ये आहेत, फक्त लॅबची किल्ली तुमच्याकडे आहे.