रेणुवस्तुमान किती? आधी सांगा, मोजलं कशाने?



नववीच्या ‘द्रव्याचे मोजमाप’ या पाठात आपण मुलांना पाण्याचं रेणुवस्तुमान काढायला शिकवतो. दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन, उत्तर १८. बरोबर आलं की टिकमार्क. यात चूक काहीच नाही. पण मुलांच्या मनात एक समज पक्का बसतो: प्रत्येक पदार्थाचा एकच आकडा असतो आणि तो पुस्तकात छापलेला असतो. बारावीपर्यंत हा समज तसाच राहतो. तो आपणच मोडायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी लागणारं उदाहरण आपल्या पनवेलच्या आसपासच्या शेतात पडलेलं असतं. भाताचा पेंढा!

पेंढ्यातलं लिग्निन

वनस्पतींच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोजचे धागे असतात. त्यांना घट्ट धरून ताठपणा देणारा पदार्थ म्हणजे लिग्निन. लाकडाच्या वजनात ते साधारण २० ते ३० टक्के असतं, पेंढ्यात त्याहून कमी. जुनं वर्तमानपत्र पिवळं पडतं, त्यालाही मुख्यतः हेच कारण.

लिग्निन हे बहुवारिक आहे, पण त्याच्या कड्या ठरावीक क्रमाने जोडलेल्या नसतात. शिवाय ते बाहेर काढताना तुटतं. त्यामुळे हातात येतो तो लहानमोठ्या तुकड्यांचा मिसळलेला ढीग. मग रेणुवस्तुमान कुणाचं सांगायचं? सरासरी सांगावी लागते. आणि सरासरीही एक नसते!

वर्गात हे करून बघा. १० मण्यांच्या ९ माळा आणि ११० मण्यांची १ माळ घ्या. एकूण मणी २००, माळा १०. म्हणजे सरासरी माळ २० मण्यांची. आता प्रत्येक मण्याला विचारा, ‘तुझी माळ केवढी?’ ९० मणी सांगतील १०, ११० मणी सांगतील ११०. या उत्तरांची सरासरी येते ६५. माळा त्याच, तरी २० बरोबर आणि ६५ सुद्धा बरोबर. रसायनशास्त्रात पहिलीला संख्या-सरासरी आणि दुसरीला वस्तुमान-सरासरी म्हणतात.

मोजतात कसं?

सच्छिद्र मण्यांनी भरलेल्या नळीतून लिग्निनचं द्रावण सोडतात. या पद्धतीला साइज-एक्स्क्लूजन क्रोमॅटोग्राफी म्हणतात. मुलांना वाटतं, चाळणीसारखे लहान कण आधी बाहेर पडतील. होतं उलटं. आपल्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरची बस आठवा. ती गल्लीत शिरू शकत नाही, सरळ पुढे जाते. स्कूटरवाला मात्र प्रत्येक गल्लीबोळात शिरतो आणि उशिरा पोचतो. तसेच मोठे रेणू आधी बाहेर येतात आणि छिद्रांत शिरणारे लहान रेणू मागाहून.

खरी गंमत पुढे आहे. यंत्र वस्तुमान सांगतच नाही, रेणू कधी बाहेर आला एवढंच सांगतं. त्या वेळेचं वस्तुमान करायला आधी माहीत असलेले नमुने सोडावे लागतात, बहुतेकदा पॉलिस्टायरीनचे. पण पॉलिस्टायरीनची साखळी सरळ आणि सैल, तर लिग्निन फांद्याफांद्यांचं आणि गच्च. सारख्या वस्तुमानाचे असूनही दोघांचा आकार वेगळा. त्यात लिग्निनचे रेणू द्रावणात एकमेकांना चिकटतात. द्रावक बदलला की आकडाही बदलतो. म्हणून प्रामाणिक उत्तर असं असतं: ‘पॉलिस्टायरीनच्या मापाने, अमुक द्रावकात, इतकं.’

एवढं कशाला?

कारण हे प्रकरण फक्त प्रयोगशाळेतलं नाही. १० ऑगस्ट २०२२ रोजी पानिपतला इंडियन ऑइलचा पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला. त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढा आणि ३ कोटी लिटर इथेनॉल, असं त्याचं उद्दिष्ट. इथेनॉल होतं सेल्युलोजसारख्या घटकांच्या साखरेपासून, लिग्निन मागे उरतं. ते नुसतं जाळायचं की त्यापासून चिकटवणी, रेझिन असं काही करायचं, हे ठरवताना तुकडे केवढे आहेत हे कळावंच लागतं. तिथे मापाशिवायचा आकडा कुणी कामाचा धरत नाही.

काही सहकारी म्हणतील, ‘मॅडम, परीक्षेत मार्क १८ लाच आहेत.’ मान्य आहे. १८ शिकवूच. पण त्याच तासाला पाच मिनिटं माळांना द्या. आणि एखाद्या मुलाने ‘सर, हे मोजलं कशाने?’ असं विचारलं, तर ‘पुस्तकात आहे ते लिही’ म्हणून त्याला खाली बसवू नका. मी हे केलेलं आहे, आज त्याची खंत वाटते.

पालकहो, तुम्हीही हाच प्रश्न घरी विचारायला लावा. ‘९० टक्के शुद्ध’, ‘दुप्पट ताकद’ अशा जाहिराती रोज दिसतात. कशाच्या तुलनेत, हे विचारणारं मूल सहजासहजी फसत नाही.