विचारलं म्हणून जन्मलेला तालुका

तर झालं असं मंडळी, जूनमध्ये घरच्या ग्रुपसाठी मी पर्लमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांचा तालुकावार पाऊस. हॅशमध्ये हॅश, त्यात अजून एक हॅश: जिल्हा, तालुका, तारीख. एकात एक तीन लूप. अर्ध्या तासात काम फत्ते!

सकाळी दर्यापूरहून काकांचा फोन. "काहून रे, तुह्या कंप्युटरात आमच्या दर्यापूरले थेंबही नाही पडला काय?"

पाहतो तर अकोल्याचे तालुके बरोबर ७, पण अमरावतीचे १४ चे १५! दर्यापूर दोनदा, आणि शून्य पावसाचं आधी.

घोळ माझाच. नावांच्या यादीत मी 'दर्यापुर' असं ऱ्हस्व लिहिलं होतं. स्क्रिप्टने विचारलं, या तालुक्याची आजची नोंद आहे का? उत्तर आलं 'नाही'. बरोबरच. पण तारखेपर्यंत पोचताना पर्लने वाटेत 'दर्यापुर' नावाचा रिकामा हॅश गुपचूप तयार करून ठेवला. याला ऑटोविव्हिफिकेशन म्हणतात. पुढच्या लूपला तो खरा तालुकाच वाटला.

आता हिशोब बघा. समजा १४ तालुक्यांची बेरीज ११२० मिमी, तर सरासरी ८०. १५ ने भागलं की ७४.७. आणि ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. जिल्ह्याच्या सरासरीवर कोणी पेरत नाही, मान्य. पण चुकीचा आकडा बरोबर त्याच रेषेवर येऊन बसला ना!

माझं मत स्पष्ट आहे. विचारणं आणि तयार करणं ही दोन वेगळी कामं आहेत. भाषेने ती आपणहून एकत्र करू नयेत. भरताना ही सोय झकास आहे, मलाही आवडते. वाचताना नको. पायथनची साधी डिक्शनरी चुकीच्या नावावर सरळ एरर देते. रुबीत २०१५ पासून 'डिग' आहे, ते नुसतं 'काही नाही' म्हणतं. पर्लमध्ये मात्र प्रत्येक पायरीवर आपणच थांबून विचारायचं: जिल्हा आहे? तालुका आहे? मगच तारीख. दोन ओळी वाढतात, वाढू द्या.

काकांना हे सगळं समजावलं. ते म्हणाले, "म्हंजे नसलेल्या गावाची चौकशी केली, तं सातबारा तयार!"

असो. यादी दुरुस्त केलीये.