‘माहा सोभावच असा हाय’ म्हणणं सोडा

वऱ्हाडात सोयरीक जुळवताना आपण खूप काही विचारतो. शेती किती एकर, ओलिताची की कोरडवाहू? नोकरी पर्मनंट की कंत्राटी? छत्तीसपैकी गुण किती जुळले? मात्र राग आल्यावर हा माणूस काय करतो, पैसा अडकला की घरात कसा वागतो, हे कुणी विचारत नाही. लग्नाला वर्ष होत नाही तोच घरात याच प्रश्नांवरून खटके उडू लागतात. तेव्हा उत्तर तयार असतं : “माहा सोभावच असा हाय, बावा!”

अमरावती-अकोल्याच्या घराघरांतल्या तुम्हा सगळ्यांना माझं सांगणं एवढंच आहे की हे उत्तर देणं बंद करा.

स्वभावाचा संसारावर परिणाम होत नाही, असं मी म्हणत नाही. चांगलाच होतो. अमेरिकेत लोवेल केली या मानसशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात लग्न ठरलेल्या ३०० जोडप्यांचा अभ्यास सुरू केला आणि त्यांचा माग थेट १९८०पर्यंत ठेवला. १९८७ साली निष्कर्ष छापून आले. लग्न मोडण्याशी किंवा कुढत रेटलं जाण्याशी तीन गोष्टींचा ठळक संबंध दिसला : नवऱ्याचा पटकन बिथरणारा, सतत धास्तावलेला स्वभाव, बायकोचा तसाच स्वभाव आणि नवऱ्याचा स्वतःवर ताबा नसणं. यातली तिसरी गोष्ट आपल्याकडच्या पुरुषांनी दोनदा वाचावी.

कारण ‘तापट’ माणूस सगळीकडे तापट नसतो. एमआयडीसीतल्या दालमिलमध्ये मालक चार लोकांसमोर बोलला, तर तो मान खाली घालून ऐकतो. तहसीलमध्ये साहेबाने फाइल भिरकावली तरी “हो साहेब” म्हणतो. बँकेत कर्जासाठी तीन खेटे घालावे लागले तरी त्याचा आवाज चढत नाही. घरी भाजीत मीठ कमी पडलं की मात्र ताट भिंतीवर. म्हणजे राग आवरणं त्याला येतं, दिवसभर तो तेच करतो. फक्त घरी ते करायची गरज त्याला वाटत नाही. याला स्वभाव म्हणून पांघरूण घालू नका. आणि हात उचलला जात असेल, तर तो प्रश्न स्वभावाचा उरत नाही. त्यासाठी २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे. “थोडं सांभाळून घे पोरी” असं सांगणाऱ्या माहेरच्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

काळजीखोर माणसाचं थोडं वेगळं असतं. अडतीच्या दुकानातला असा मुनीम हिशेबात पैशाची चूक करत नाही, म्हणून मालकाचा लाडका असतो. तोच घरी आला की “फोन का नाही उचलला”, “पोरगं अजून कसं नाही आलं” असं करून सगळ्यांचा जीव टांगणीला लावतो. कामावर ज्याची शाबासकी मिळते, त्याचाच घरी जाच होतो. शेतकऱ्याच्या घरात तर काळजीला कारणंही खरी असतात. पाऊस लांबला, दुबार पेरणी आली, सोयाबीन घरात आल्यावर भाव पडला. अशा माणसाला “काळजी करू नको” म्हणण्यात अर्थ नाही. दिवसातली एक ठरावीक वेळ, समजा रात्रीच्या जेवणाआधीची, पैशाच्या बोलण्यासाठी ठेवा. वही घेऊन दोघांनी बसा आणि जेवणं झाल्यावर तो विषय काढू नका. सुरुवातीला जमत नाही, पुढे जमतं.

आता सोशिकपणाबद्दल. सून पाहताना आपण ज्याची सर्वात जास्त तारीफ करतो, तो हा गुण मला सर्वात महागडा वाटतो. अंगणवाडी सेविका असो, आशाताई असो की शाळेतली बाई, जी ‘नाही’ म्हणत नाही तिच्याकडे सगळी कामं सरकतात. घरीही तेच. ती बोलत नाही, मग डोकं दुखतं, झोप उडते, कंबर धरते. दवाखान्यात गोळ्या मिळतात, पण मूळ दुखणं तिथेच राहतं. बायांनो, आठवड्यातून एका कामाला स्पष्ट ‘नाही’ म्हणून पाहा. कुणाचं काही अडत नाही.

कामावरून घरी आल्यावरची पहिली वीस-पंचवीस मिनिटंही सांभाळा. मानसशास्त्रज्ञ रेना रेपेटी यांनी विमानतळावरच्या हवाई वाहतूक नियंत्रकांचा अभ्यास केला होता, तो १९८९ साली प्रसिद्ध झाला. कामाचा ताण जास्त असलेल्या दिवशी ते घरी गप्प गप्प राहत. बायकोने समजून घेतलं, तर राग कमी निघे. आपल्याकडे मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५च्या घरात असतो. तेवढ्या उन्हातून आलेल्या माणसाला दारातच लाइट बिल दाखवू नका. आलेल्यानेही “आज डोकं ठिकाणावर नाही, थोड्या वेळाने बोलतो” एवढं तोंडाने सांगावं. न सांगता धरलेला अबोला समोरच्याला शिक्षेसारखाच लागतो. आणि हा नियम कामावरून येणाऱ्या बायकोलाही आहे. तिला तर बहुतेक घरांत चपला काढल्या की थेट ओट्यापाशी जावं लागतं.

स्वभावाला औषध नाही, असं म्हणतात. पूर्ण खरं नाही. मानसोपचार आणि समुपदेशनाचे २०७ अभ्यास एकत्र करून २०१७ साली झालेल्या आढाव्यात दिसलं की सरासरी २४ आठवड्यांत स्वभावात मोजता येण्याजोगा फरक पडतो, आणि सर्वात जास्त फरक पडतो तो याच बिथरण्या-धास्तावण्यात. लांबचं कशाला, आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी दारोदार जाऊन उदासपणाबद्दल बोलायला सुरुवात केली. उदासपणाने ग्रासलेल्यांपैकी आधी शंभरातले जेमतेम चार जण मदत घेत होते, दीड वर्षाने सत्तावीस जण घेऊ लागले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. ही बोलणारी माणसं त्याच मुलखातली होती.

तेव्हा दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नाही, कामात मन नाही, घरात कुणाशी धड बोलणं नाही, असं कुणाचं होत असेल तर अमरावतीत इर्विन रुग्णालयाच्या किंवा अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. जाणं जमत नसेल तर १४४१६वर फोन लावा. ‘टेलिमानस’ची ही सेवा २०२२पासून चालू आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. “तुले डोक्याच्या डॉक्टरले दाखवाले लागते” असं म्हटलं तर कुणीच येणार नाही. “झोप लागून नाही राहिली ना, चाल दाखवून येऊ, मीबी येतो संग” असं म्हणा, आणि खरोखरच सोबत जा.